शाळेसमोरच्या गाड्या उठवाव्यात का? सही मागताहेत

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी,

मुलीच्या शाळेच्या पालक संघाने महापालिकेला द्यायला एक अर्ज तयार केलाय. फाटकाबाहेरच्या भेळ, वडापाव, गोळ्याच्या गाड्या आणि एक पत्र्याची टपरी उठवा, अशी मागणी. कारणं : अस्वच्छता, मुलांचं आरोग्य आणि 'एफएसएसएआयचा ५० मीटरचा नियम' (एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण). सोमवारपर्यंत सह्या हव्यात, व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज आठवण येतेय.

आमची शाळा खाजगी, इंग्रजी माध्यमाची. त्याच गल्लीत पुढे महापालिकेची शाळा आहे. गाड्यांवर दोन्हीकडची मुलं दिसतात, पण जास्त त्यांचीच. आमच्या बाजूच्या कोपऱ्यावर एक कॅफे आहे. नववी-दहावीची पोरं तिथे एसीत बसून क्रीमचा डोंगर घातलेली कोल्ड कॉफी आणि पेरी पेरी फ्राइज मागवतात, बिल सहज तीनशेच्या घरात. अर्जात कॅफेचा उल्लेख नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, 'अगं ते हायजिनिक आहे.'

टपरीवर टांगलेल्या पुड्या मलाही आवडत नाहीत. पण सही करताना हात अडतोय. तुम्ही काय केलं असतंत? तुमच्याकडे शाळेबाहेर काय विकतात आणि कुणाला?

चिंचाबोरं

हाय कम्बख्त! आमच्या शाळेबाहेर एक आजी पोतं अंथरून बसायच्या. उकडलेली बोरं, चिंचेचे गोळे, फाकी करून तिखटमीठ भरलेला पेरू, आवळे. पाण्यात ठेवलेल्या कैरीच्या फोडी. आणि ती नळीतली पेप्सी, नारंगी रंगाची, दाताने फोडायची. कुणाला काही झालं नाही!

सावजी

झालं असेल, तुम्हाला आठवत नसेल. मला कावीळ झाली होती न भाऊ, त्याच पेप्सीनं. नागपूरकरांचा अनुभव.

बाकी आमच्याकडे शाळेसमोर सकाळी तर्री-पोहे. मास्तर पण तिथंच अन् पोरं पण तिथंच. पाठमोरे उभे राहून खायचे.

दातवाली

मी दंतवैद्य आहे, सरकारी दवाखान्यात. सरळ सांगते, सही करा.

लहान मुलांचे किडलेले दात पाहायचे असतील तर एक दिवस माझ्या ओपीडीत येऊन बसा. सहा-सात वर्षांची मुलं, पुढचे चारही दात काळे, दाढेत खड्डे. बहुतेक वस्तीतलीच. आईला विचारलं की उत्तर ठरलेलं : 'सारखं दुकानाचं खातंय.' चिंचाबोरांच्या आठवणी गोड आहेत, पण आज टपरीवर बोरं नसतात. पाम तेलात तळलेल्या, मीठ-मसाला चोपडलेल्या पाच रुपयांच्या पुड्या असतात, चिकट चॉकलेटं असतात, रंगीत पाणी असतं. बोर खाल्लं की तोंडाला लाळ सुटते. हा चिकट चोथा दाताच्या खाचेत तासन्‌तास बसतो.

टपरीबहाद्दर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न चालेल ना ५० मीटरमध्ये?)

खडूफळा

मी मुंबईत, पूर्व उपनगरात, महापालिकेच्या शाळेत शिकवते. सहावी-सातवी, सकाळचं सत्र. चौथीपर्यंतच्या मुलांना नऊच्या आधी बोलावू नका असा आदेश २०२४ ला निघाला, पण मोठी मुलं सातलाच येतात.

पोषण आहार मधल्या सुट्टीत येतो. तोवर पोटात काय असतं ते सांगते. वस्तीत पाणी पहाटे येतं, ते भरून आई घरकामाला निघते. दोन-तीन घरची सकाळची भांडी तिलाच घासायची असतात. मुलाच्या हातात दहाची नोट. कुणी घरी चहा-खारी खाल्लेली असते, बरेच जण तेही न खाता येतात. फाटकाशी त्या दहाच्या दोन पुड्या होतात, एक स्वतःला आणि एक धाकट्या बहिणीला. पहिल्या तासाला वह्या तपासायला घेतल्या की पानांवर केशरी बोटांचे ठसे असतात. शुद्धलेखन कुठे संपलं आणि पुडी कुठे सुरू झाली ते दिसतं.

दातवालीताई, दातांबद्दल तुमचं खरं आहे, मी वर्गात तेच दात बघते. पण टपरी उठली तर ही नोट कुठे जाईल ते सांगा. ती डब्यात जाणार नाही, कारण डबा करायला सकाळी घरात कुणी नाही.

आणि पोषण आहाराचं : पाचवीपर्यंत दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० आणि २०, असं कागदावर आहे. शहरात खिचडी मोठ्या स्वयंपाकघरातून डब्यांतून येते, येईपर्यंत गार होऊन तिची वडी पडते. तरी मुलं खातात. २०२३ च्या अखेरीला आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं. अंड्याच्या दिवशी पट भरलेला असायचा. २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्याचे पैसे बंद केले, लोकसहभागातून द्या म्हणाले. आमच्या वस्तीतला लोकसहभाग म्हणजे तीच दहाची नोट.

आणखी एक. ही योजना आठवीपर्यंतच. पोरगा जूनमध्ये नववीत गेला की त्याची ताटली बंद. वाढीचं वय नेमकं तेव्हाच भरात असतं. आमच्या परिसरातल्या वडापावच्या गाडीवर सगळ्यात मोठी गर्दी नववी-दहावीची असते ती यामुळे.

मुळामुठा

+१ खडूफळा. 'पुडी कुठे सुरू झाली' हे वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

सडेतोड

थोडं कटू बोलतो. ज्या घरात पुडीला रोज दहा-वीस रुपये आहेत त्या घरात केळ्यालाही आहेत. मोबाइलचा रिचार्ज होतो की नाही दर महिन्याला? गरिबी आहेच, पण सवयींचाही प्रश्न आहे. प्रत्येक वेळी 'व्यवस्था व्यवस्था' करून पालकांना मोकळं सोडू नये.

किराणा_आणि_जनरल

सडेतोडसाहेब, केळ्याचा हिशेब मी सांगतो. नाशिकला शाळेसमोर आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं.

केळं एक, साधारण पाच-सहा रुपये. दोन दिवसांत काळं पडतं आणि नुकसान माझं. पुडी चार-सहा महिने टिकते, मुदत संपली तर कंपनीचा सेल्समन बदलून देतो. टांगायचा स्टँड कंपनीचा. कोल्ड्रिंकचा फ्रीज कंपनीचा, त्यात दुसऱ्याची बाटली ठेवलेली दिसली की सुपरवायझर येऊन तोंड वाजवतो. केळ्यांसाठी कोण फ्रीज देतं मला?

मार्जिन : ब्रँडेड पाचाच्या पुडीवर पन्नास पैशांच्या आसपास. म्हणून बरेच दुकानदार लोकल माल टांगतात. त्यावर दुप्पट-तिप्पट सुटतात. लोकल लडीत प्रत्येक पुडीत प्लॅस्टिकचं काहीतरी असतं, भोवरा, शिट्टी, अंगठी. पोरं त्यासाठीच घेतात, कधी कधी खेळणं काढून आतलं फेकूनही देतात. तेल कुठलं, रंग कुठला, देव जाणे. मी ठेवत नाही, पण शेजारचा ठेवतो आणि गल्ला त्याचा मोठा आहे.

चिक्की ठेवून पाहिली. पाच रुपयांत शेंगदाण्याची चिक्की म्हणजे बोटाएवढी पट्टी. त्याच पाच रुपयांत फुगलेली पिशवी मिळते. दहा वर्षांचं पोर काय घेईल? वजन कोण वाचतो? पाच रुपये तेच राहतात आणि आतला माल दरवर्षी कमी होतो, हे आम्हाला खोक्याच्या वजनावरून कळतं.

खाजगी शाळेची पोरं आमच्याकडे येत नाहीत असं नाही. ती वीसची आणि पन्नासची पुडी घेतात. माल एकाच कंपनीचा, एकाच पाम तेलातला. पण पन्नासची पुडी खाणाऱ्याच्या आईवडिलांना कुणी सवयींबद्दल बोलत नाही.

टपरीबहाद्दर

शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला माझ्यातर्फे एक कटिंग.

निवृत्त_निरीक्षक

अन्न व औषध प्रशासनात नोकरी केली, आता निवृत्त. ५० मीटरचा विषय निघालाच आहे तर नियम काय आहे ते एकदा नीट मांडतो, कारण पालक संघांच्या अर्जांत तो हमखास चुकीचा वापरला जातो.

एफएसएसएआयचे शाळकरी मुलांच्या आहाराबाबतचे विनियम २०२० चे. त्यानुसार शाळेच्या उपाहारगृहात, आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरपर्यंत संपृक्त किंवा ट्रान्स मेद, वरून घातलेली साखर अथवा मीठ जास्त असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. हे पाहण्याची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थापनावर टाकली आहे. विक्रेता गाडीवाला आहे, दुकानदार आहे की एसीवाला, याच्याशी या नियमाला देणंघेणं नाही. म्हणजे मृण्मयीताईंचा कॅफे जर ५० मीटरच्या आत असेल तर त्याची कोल्ड कॉफी आणि फ्राइज पहिल्या रांगेत येतात. उलट गाडीवर कुणी उकडलेले चणे, काकडी, फळं विकत असेल तर त्याला हा नियम हात लावत नाही.

गाडी हटवायला वापरतात तो नियम वेगळा. मुंबईतल्या एल्फिन्स्टन स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीनंतर, १ नोव्हेंबर २०१७ ला, मुंबई उच्च न्यायालयाने फेरीवाल्यांबाबत निकाल दिला. रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं यांच्यापासून १०० मीटरपर्यंत फेरीवाला नको. ते अंतर विक्रेत्यासाठी आहे, तो विकतो काय हा मुद्दाच नाही. तिसरं अंतर तंबाखूचं, २००३ च्या कायद्यातलं, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड. ते सगळ्यांत जुनं आणि सर्रास मोडलं जाणारं.

तेव्हा पालक संघ नाव घेतोय पहिल्या नियमाचं आणि काम करून घेतोय दुसऱ्याचं.

पहिला नियम राबवणंही सोपं नाही. किती साखर म्हणजे 'जास्त', याचा आकडा त्यात बसवलेला नाही. वडापाव जास्त मेदाचा की नाही, यावर दोन अधिकारी तुमच्यासमोर भांडतील. गाडीवाल्याला मात्र चर्चेची संधी मिळत नाही, अतिक्रमणवाले सरळ गाडी उचलतात. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस द्या. किती ठिकाणी देतात, ते शहरात राहणाऱ्याला सांगायला नको.

पोळीचा_लाडू

वडापाव जंक फूड???? धाग्याचा निषेध. हे मुंबईचं पूर्णान्न आहे. बटाटा आहे, बेसन आहे, पाव आहे, लसूण आहे.

सावजी

आणि पेपरचा कागद. त्यातल्या शाईचं लोह.

निवृत्त_निरीक्षक

छापील कागदात खाद्यपदार्थ देणं बंद आहे हो, हसण्यावारी नेऊ नका.

अवांतर : २०१७ साली राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांसाठी यादी काढली होती. चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक, पाणीपुरी बाद. खिचडी, इडली, उपमा, नारळपाणी चालेल. चांगली यादी. पण उपाहारगृह असतं कुठल्या शाळेत? महापालिकेच्या शाळेला उपाहारगृहच नसतं, तिचं उपाहारगृह म्हणजे फाटकाबाहेरची गाडी.

दातवाली

मला इथे सगळ्यांनी मिळून खलनायिका केलंय, हरकत नाही. पण एक सांगा. 'गरिबाला तेवढंच परवडतं' म्हणून त्याच्या मुलाने पाम तेल आणि मीठ खायचं, आणि आपण त्यावर हळवं व्हायचं, हा कसला न्याय? श्रीमंताच्या मुलाचा दात किडला तर तो रूट कॅनाल करून घेतो. माझ्याकडचं मूल दात काढून घेतं आणि जातं. पुडी एकच असेल, पण तिची किंमत एकाला पाच रुपये आणि दुसऱ्याला एक दाढ. म्हणून मी म्हणते, सगळ्यात आधी गरीब मुलाच्या फाटकासमोरून ती हटवा.

वाढ खुंटलेली मुलं आणि साखर वाढलेली मुलं आता एकाच वस्तीत, कधी एकाच घरात आहेत. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी साधारण दहातल्या एकाची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली होती. वजन जास्त असलेली मुलं त्याच्या निम्मीच होती. म्हणजे हडकुळं दिसणारं पोरही सुरक्षित नाही.

खडूफळा

ताई, हे पटलं. खलनायिका अजिबात नाही. आपलं भांडण 'हटवा'शी नाही, 'हटवा आणि पुढे काहीच नको' याच्याशी आहे.

मीटरवाला

वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मी रिक्षा चालवतो. मुलगा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत आहे, आता चौथीला. फी नाही, चांगले शिक्षक आहेत, तक्रार नाही. पण एक गोष्ट अॅडमिशनच्या वेळी कुणी सांगितली नव्हती. त्याची मोठी बहीण महापालिकेच्या शाळेत होती, तिला खिचडी-उसळ मिळायची. हा खाजगीत गेला आणि ताट गेलं. विनाअनुदानित शाळेत पोषण आहार नसतो. सीट गरिबाची म्हणून मिळाली, जेवण मात्र शाळा श्रीमंताची म्हणून मिळत नाही.

त्या शाळेत कॅन्टीन आहे. कार्ड असतं, आईबाप मोबाइलवरून पैसे भरतात. सँडविच साठ रुपये, पास्ता ऐंशी. आम्ही कार्ड घेतलं नाही. बायको डबा देते, चपाती आणि गुळाचा रोल, कधी बटाटा. पोरगा डबा घरी परत आणायला लागला. भूक नव्हती म्हणायचा. मग कळलं की टेबलावर सगळ्यांची कार्डावरची ताटं, याला डबा उघडायला नको वाटतो.

बाहेर भेळेची गाडी आहे. शाळा सुटली की तो आणि त्याचे मित्र तिथे उभे राहतात. गाडीवर भेळ दहा रुपयांना, ती सगळ्यांना दहाच. बिल्डरचा पोरगा असो का माझा. उभं राहूनच खायचं, खुर्ची नाही. मी रोज दहा देत नाही, शनिवारी देतो, आणि तो आठवडाभर शनिवारची वाट बघतो. गाडी उठली की ती पोरं कॅफेत जाणार. माझा पोरगा रिक्षात बसणार.

दातांचं मॅडम बोलल्या ते डोक्यात आहे. भेळ चालते का दातांना?

दातवाली

मीटरवाले दादा, भेळ चालते. चुरमुरे, कांदा, कैरी, शेंगदाणे, चांगलंच आहे. गोड चटणी थोडी कमी घ्यायला सांगा आणि घरी आल्यावर खळखळून चूळ. शनिवार बंद करू नका.

मुळामुठा

'सीट गरिबाची, शाळा श्रीमंताची.' हे कुणीतरी शिक्षण खात्याला पाठवा.

सडेतोड

मीटरवाले, मी वर जे लिहिलं ते तुमच्यासारख्यांना उद्देशून नव्हतं.

किराणा_आणि_जनरल

मग कुणाला उद्देशून होतं राव?

सडेतोड

ठीक. पण मुद्दा सोडत नाही. माझ्या ओळखीत पगार पाऊण लाख आणि मुलाच्या डब्यात रोज इन्स्टंट नूडल्स, असे लोक आहेत. त्यांनाही मी हेच म्हणतो.

थेम्सकाठचा

लंडनहून. इथे हाच वाद चिकन शॉपवरून आहे. तळलेलं चिकन आणि चिप्स, दोन-तीन पाउंडांत. शाळा सुटली की गणवेशातली मुलं तिथेच. इंग्लंडमध्ये गरीब भागांत अशी दुकानं दाट आहेत, सधन भागांत विरळ. लंडनच्या २०२१ च्या नगर आराखड्यात नियम आला की शाळेच्या दारापासून चालत ४०० मीटरच्या आत नवं टेकअवे नको. 'नवं' हा शब्द महत्त्वाचा. आधीपासून आहेत ती तशीच चालू, आणि शाळेभोवती ती आधीपासून आहेतच.

त्या दुकानांत मुलं फक्त खायला जात नाहीत, हे इथे राहून कळलं. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो, घरी कुणी नसतं, तरुणांसाठीची केंद्रं खर्चकपातीत बंद झालीत. दोन पाउंडांत तासभर ऊब, उजेड आणि मित्र मिळतात. सॅलडच्या दुकानात तेवढ्या पैशांत कुणी बसू देणार नाही.

काम झालं ते दुसऱ्या बाजूने. सप्टेंबर २०२३ पासून महापौरांनी लंडनमधल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना जेवण मोफत केलं, उत्पन्नाचा दाखला न मागता. त्यामुळे 'फुकटवाला' कोण ते रांगेत कळत नाही. मीटरवाल्यांचा अनुभव वाचून हे आठवलं.

चिंचाबोरं

मी एवढंसं लिहून गेले आणि धागा कुठच्या कुठे गेला. आजींची बोरं मात्र खरंच छान होती हो.

म्हापशेकर

गोंयांत आमच्या शाळेभायर भाजी-पाव आणि मिरची. अजून आहे. चर्चा चालू द्या.

मयिलापूरकर

चेन्नईत नोकरीनिमित्त गेली काही वर्षं. खडूफळांच्या 'तोवर पोटात काय' या प्रश्नावर इथे सरकारने उत्तर दिलंय म्हणून लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईहून मुख्यमंत्र्यांची न्याहारी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली, नंतर अनुदानित शाळांत. शाळा भरायच्या आधी गरम उपमा, पोंगल, खिचडी, वर सांबार. दुपारचं जेवण वेगळं, ते आहेच.

आमच्या घरी काम करणाऱ्या अक्कांचा मुलगा तिसरीत आहे. त्यांच्या मते सगळ्यात मोठा फरक असा की सकाळी पैसे देणं बंद झालं. शाळेत खाऊन घेतो, मग हातात नोट कशाला? शाळेसमोरचं दुकान आहे तिथेच आहे, कुणी उठवलेलं नाही. सकाळचं गिऱ्हाईक तेवढं कमी झालं. पाचवीनंतर मात्र ही न्याहारीही नाही, हे सांगितलं पाहिजे.

शाळेत न्याहारी द्या, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलंय.

खडूफळा

बघा! आमच्याकडे अंडं काढून घेतात.

पोळीचा_लाडू

सांबार मिळणार असेल तर वडापाववरचा दावा मी तात्पुरता मागे घेतो.

टपरीबहाद्दर

मृण्मयीताई कुठे गेल्या? सोमवार येऊन गेला. सही केली का?

मृण्मयी_पुणे

आले आले. सगळं वाचत होते, वेळ मिळत नव्हता.

सही केली नाही. निवृत्त_निरीक्षक काकांचा प्रतिसाद जसाच्या तसा पालक ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की पदार्थांची यादी करू या, गाडीवर, टपरीत, कॅफेत, आपल्या कॅन्टीनमध्ये, सगळीकडे एकच यादी. मग पहिली सही माझी. कॅफे फाटकापासून ५० मीटरच्या आतच आहे, मोजायचीही गरज नाही, फाटकातून त्याचा मेन्यू वाचता येतो. त्यावर बराच वेळ शांतता. मग एकीने अंगठा दाखवला. मग कळलं की स्नेहसंमेलनाच्या बॅनरचा खर्च कॅफेवाला करतो. कॅन्टीनचं नाव काढलं तर 'विषय भरकटवू नका' असं उत्तर.

अर्ज माझ्याशिवाय गेला. अतिक्रमणची गाडी येऊन गेली. काही दिवस गाड्या नव्हत्या, आता त्या गल्लीच्या तोंडाशी, बसथांब्यापाशी लागतात. महापालिकेच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत मोठा रस्ता ओलांडून तिकडे जातात. दुचाक्या किती जोरात येतात तिथे ते पुणेकरांना सांगायला नको. पत्र्याची टपरी गेली, पण तिच्या मागच्या पक्क्या दुकानात त्याच लड्या टांगल्यात. म्हणजे गेला फक्त भेळवाला आणि गोळ्यावाला. पुड्या आहेत तिथेच आहेत.

त्या दुकानदाराशी बोलले. किराणा_आणि_जनरल यांनी लिहिलंय तेच, शब्दाशब्दाने. फ्रीज कंपनीचा.

महापालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनाही भेटले. अर्जाबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, गाड्या गेल्या त्याचं वाईट नाही वाटत, पण नववीच्या मुलांना खायला काय, ते सांगा.

सडेतोड

रस्ता ओलांडण्याची गोष्ट गंभीर आहे. याबद्दल वाहतूक शाखेला मी पत्र लिहितो, मजकूर इथे टाकतो. यात तरी कुणाचं दुमत नसेल.

दातवाली

नसेल. धन्यवाद. आणि मृण्मयी, 'सही करा' म्हणणारी मीच होते. यादीवाली कल्पना असेल तर त्या यादीखाली माझी सही आधी घ्या, डिग्रीसकट.

मीटरवाला

भेळवाल्याला दुसरीकडे धंदा मिळाला का?

मृण्मयी_पुणे

बसथांब्यापाशी उभा असतो, पण धास्तीत. त्याच्याकडे काहीच कागद नाहीत. अन्न नोंदणी करून देऊ का, असं मी विचारलं. निरीक्षक काका, त्याला काय लागतं? एका एजंटाने त्याला दोन हजार सांगितलेत.

निवृत्त_निरीक्षक

एजंटाला हात जोडा. एवढ्या छोट्या उलाढालीला नुसती नोंदणी पुरते, परवाना लागत नाही. सरकारी शुल्क अगदी थोडं असतं. 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं. पावतीचा क्रमांक जपून ठेवा. मात्र एवढं त्याला समजावून सांगा की हे प्रमाणपत्र खाण्याचं आहे, जागेचं नाही. जागेसाठी पथविक्रेता प्रमाणपत्र लागतं, ते महापालिकेकडून, आणि तिथे त्याचं नाव सर्वेक्षणात आहे का ते आधी बघा. नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि त्याला सांगा, पेपरचा कागद बंद.